जिव्याबाबांचा रविवार

सुनिलशी लग्न होऊन मी उधव्याच्या पाड्यावर आले ते शहाऐंशी साली. घरात चर्चला जाणारे एकटे माझे सासरे, जिव्याबाबा. लहानपणी ते तलासरीच्या मिशनच्या बोर्डिंगात राहिले, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे वडील वारले, शाळा सुटली, चर्च मात्र सुटलं नाही. बाकी सगळं घर जुन्या देवांचं. सासूबाई, शुक्री त्यांचं नाव, नवं भात आलं की पहिली मूठ घरच्या देवापुढे ठेवायच्या, आणि त्या जागेचं सारवण उखडलं तर माती कालवून द्यायला बाबाच बसायचे. यावरून कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. भांडणं व्हायची ती बिडीवरून.

रविवारी सकाळी पांढरा सदरा घालून बाबा तलासरीच्या चर्चला निघायचे. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीप. वाटेत जो भेटेल त्याच्याशी बोलत जायचे, म्हणून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, नेहमी उशीर. परत आले की जेवायचे आणि पाड्यावर कोण आजारी असेल त्याच्याकडे जाऊन बसायचे. तो चर्चचा आहे की नाही, हे त्यांच्या मनातही येत नसे. उपदेश करायचे नाहीत. रखमी म्हातारी पडून होती, तेव्हा तिच्या खाटेजवळ बसून तिचे वाल सोलून दिले, पाणी भरून ठेवलं आणि घरी आले. मी विचारलं, "बाबा, काय बोललात एवढा वेळ?"

"ती बोलली," ते म्हणाले. "मी वाल सोलले."

नव्वदच्या सुमारास त्यांची नजर गेली. डहाणूच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही. घरी आल्यावर बाबा ओट्यावर बसून राहिले. जेवायला हाक मारली तरी उठेनात. असे बरेच दिवस गेले. मग एका शनिवारी सासूबाईंनी त्यांचा पांढरा सदरा धुऊन वाळत घातला. बाबांना साबणाचा वास आला.

"कशाला धुतलास?"

"उद्या रविवार ना."

"मला कोण नेणार?"

"मी नेते. पण आत यायची नाय, आधीच सांगते."

"तुला आत कोण बोलावतंय?" बाबा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

तेव्हापासून दर रविवारी दोघं हात धरून जायची. सासूबाई त्यांना आतल्या बाकावर बसवून बाहेर चिंचेखाली येऊन बसत. पावसाळ्यात एका सिस्टरनी त्यांना भिजताना पाहिलं आणि आत या म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, "माझे देव घरी आहेत, बाय. मी व्हरांड्यात बसते." सिस्टरनी तिथे पाट आणून ठेवला. तेव्हापासून ती त्यांची जागा झाली. दारातून आतलं सगळं ऐकू यायचं. घरी परतताना बाबांना त्या विचारत, "तुमचा फादर आज शेजाऱ्याला माफ करा म्हणाला, आपला बांध कोरणाऱ्याला पण काय?"

"त्याला पण."

"मग सोपं नाय तुमचं."

"नायच सोपं," बाबा म्हणत.

पंचाण्णवच्या होळीआधी बाबांना ताप आला. छातीत कफ भरला. दवाखान्यातून आणलं, पण अंगात ताकद उरली नव्हती. पाड्यावरची माणसं आळीपाळीने उशाशी येऊन बसली, सहसा कुणाकडे न जाणारी सुद्धा. एका सकाळी सासूबाई त्यांना पेज भरवत होत्या. दोन घोट घेतले, तिसरा घेतला नाही, तसेच गेले.

बाबांचे धाकटे भाऊ शुक्राकाका अंगणात येऊन बसले. त्यांचा भावावर फार जीव. ते म्हणाले, "आपला बाप, आपला आजा, सगळे इथल्या नदीकाठी गेले. दादाला तलासरीला मातीत एकटं ठेवायचं?"

उत्तर दिलं ते सासूबाईंनी.

"एकटा नाय. तिथं त्याची माणसं आहेत. त्यानं मला सांगून ठेवलंय, मी हो म्हटलंय."

"आणि आपलं कार्य?"

"ते पण करू. बाराव्याला, घरी. तो नाय म्हणाला नव्हता कधी."

काका उठून गेले. आम्हाला वाटलं, आता येत नाहीत. पण टेम्पो निघायच्या वेळी ते आले, पेटीजवळ चढून बसले आणि तलासरी येईपर्यंत तिच्यावर हात ठेवून होते.

चर्चपाशी आल्यावर सासूबाई व्हरांड्यातच थांबल्या. फादर बाहेर आले, त्यांच्याकडे पाहिलं. मग माणसांना म्हणाले, "पेटी पुढे नको. इथे दाराशीच ठेवा." सगळी प्रार्थना तशीच झाली. लोक आत, बाबा दारात, आणि सासूबाई बाहेर, हात लांब केला तर पेटीला लागेल इतक्या जवळ. त्या रडल्या त्या तिथेच, आवाज न करता.

बाराव्याला घरचं कार्य झालं. फादर आणि त्या सिस्टर जेवायला आले. अंगणात पंगत बसली, भात आणि उडदाची डाळ. फादरांच्या शेजारी नेमके शुक्राकाका. मग काकांनी विचारलं, "दादा लहानपणी बोर्डिंगातून पळाला होता, तुम्हाला म्हाईत हाय का?"

"नाही," फादर म्हणाले. "मला हे कधी सांगितलं नाही त्यांनी."

"मला बघायला पळाला. मी तापानं पडलेलो. रातभर चालत आला, आणि सकाळी बापानं त्याला ताडाखाली उभा करून मारला."

"ताड नव्हता, शिंदी होती," भात वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या. "आणि मारला नाय. मारायला काठी उचलली, तर हा हसला. मग बाप पण हसला."

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"त्यानंच सांगितलंय मला. तुम्ही तर तापात होता."

काकांनी मान हलवली. "असेल, शिंदी असेल," ते म्हणाले, आणि फादरांच्या पानात डाळ नाही हे बघून डाळीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.