डावा कौल

दाजींनी तोंडातला विडा बरोबर मध्यरेषेवर थुंकला आणि सराव थांबला.

"चुन्याची रेषा आसा ती, दाजीनू," कप्तान गुरुदास म्हणाला.

"रेषा तुमका कित्याक व्हयी? गेलेलो गडी कधी परत येता तुमचो? थंयच मरता तो. पुसून टाका."

सातांपैकी कोणी हसले नाही. भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात ते सातजण घामाघूम उभे होते आणि बांधावर बसलेला एक म्हातारा त्यांची लाज काढत होता. हे रोजचेच होते. दाजी गुरव रवळनाथाचे पुजारी. सकाळची पूजा उरकली की देवाला कुलूप घालून ते मळ्यावर येत आणि दिवेलागणीपर्यंत हलत नसत. स्वतः ते आयुष्यात एकदाही हुतुतू खेळले नव्हते. हात मोडला तर पूजा कोण करणार, म्हणून बापाने त्यांना लहानपणापासून मैदानात पाऊल टाकू दिले नव्हते. त्यामुळे की काय, खेळणाऱ्यांबद्दल त्यांचे मत फार वाईट होते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षे झाली, गावात एस. टी. आली, पण या गावाला एक चढाईवाला धड करता आला नाही, असे ते भेटेल त्याला ऐकवत. चढाईवाला काय माडाला लागतो? तो करावा लागतो. पोराला आधी वर्षभर कोपऱ्यात उभे करा, आलेल्या गड्याच्या पायात पडून त्याला धरायला शिकवा, दुसऱ्याचा दम कुठे तुटतो ते त्याला नुसते बघू द्या. मग पाठवा पलीकडे. पण आमच्या शहाण्यांना दम कुठला? मिसरूड फुटलेले पोर दिसले, मांडी जरा बरी दिसली, की ढकल त्याला सात जणांच्या तोंडात. पहिल्या जत्रेला टाळ्या, पुढच्या जत्रेला शिव्या, आणि त्यानंतर त्याला कोणी ओळखही देत नाही. आधीचा चढाईवाला महादू, त्याचे तेच झाले होते. त्याचा खांदा निखळला तो निखळला. हात कानाच्या वर जाईना, माडावर चढणे सुटले, आणि आता तो इतरांनी पाडलेले नारळ दारोदार सोलत हिंडत होता. हे सगळे डोळ्यांसमोर असून खाडीपलीकडच्या संघाकडून आपण दर वर्षी का हरतो, याचे गावाला नवल वाटे. दाजींना नवल वाटे ते या नवलाचे.

आताचा चढाईवाला लवू, त्याच्याबद्दल ते सगळ्यात वाईट बोलत. सगळ्यात जास्त बघतही त्याच्याकडेच.

त्या संध्याकाळी लवू चढाई करून परत आला तो एका पायावर. रेषेला हात लावून उठला आणि काही झालेच नाही अशा थाटात माती झटकू लागला. लवू विशीतला, बाप नसलेला. घर त्याच्या माडावर चढण्यावर चालत होते. दाजी बांधावरून उतरून त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"गुडगो दाखव."

"काय जावक नाय."

"दाखव म्हणतंय ना, मेल्या."

लवूने चड्डी जरा वर केली. गुडघ्याची वाटी दिसत नव्हती, इतकी सूज होती. जत्रा दोन दिवसांवर आली होती आणि खाडीपलीकडच्यांशी सामना जत्रेच्या दुसऱ्या दिवशी. दाजींनी गुरुदासाकडे पाहिले. गुरुदासाने नजर चुकवून आभाळ पाहिले.

"हो खेळाचो नाय," दाजी म्हणाले.

"मी खेळतलंय," लवू म्हणाला. "तुमी कोण सांगणारे?"

"तू सांग तेका," दाजी गुरुदासाला म्हणाले. "कप्तान मा तू?"

गुरुदासाने गळ्यातला पंचा काढून पुन्हा गळ्यात घातला. "तसा नाय, दाजीनू. तेका बसवलंय आणि आमी हरलो, तर गाव माका फाडून खातला. खेळवलंय आणि काय झाला, तर तेची आवस माज्या दारात येवन बसतली. तेच्यापेक्षा देवाकच विचारूया. कौल लावा तुमी."

"म्हणजे हरलास तर देव हरलो."

"देव सांगतलो तसा."

भित्र्या माणसाला भाविक म्हणवून घ्यायची सोय देवाने कशाला करून ठेवली आहे, हे दाजींना इतकी वर्षे पूजा करूनही कळले नव्हते.

जत्रा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात कोणी यायच्या आधी लवूची आई सुभद्रा पायरीशी येऊन बसली होती. दाजींनी दार उघडले तशी ती उठली.

"हळद लावून झाली, कोंबड्याचा तेल लावून झाला. सूज उतराक नाय," ती म्हणाली. "आयकणा नाय तो. तुमी देवाक सांगा, दाजीनू."

"देव थंय बसलो आसा. तूच सांग."

"तेचो बापूस माडावरसून पडलो, तेवा मी सांगलेलंय देवाक. आज तुमी सांगा."

दाजींनी तिच्या हातातला नारळ घेतला आणि आत गेले.

कौल लावायचा म्हणजे देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणे घालायचे आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्ने, विहिरी, भावाभावांचे बांध, सगळे या गावात असेच ठरत आलेले. ताजी, जाड पाकळी भरपूर पाण्याने बसवली तर ती घट्ट धरून राहते आणि शिळी, विरविरीत पाकळी टेकवल्याबरोबर सुटू बघते, हे प्रत्येक गुरवाला ठाऊक असते. दाजींच्या बापाने त्यांना हे शिकवले तेव्हा ते कधीही वापरायचे नाही, अशी शपथही देवावर हात ठेवून घ्यायला लावली होती. दाजींनी ती आजवर पाळली होती. दाजींच्या तोंडावर गावाचा विश्वास नव्हता, पण त्यांच्या हातावर होता.

माणसे जमली. गुरुदास पुढे, मानकरी त्याच्या बाजूला, लवू खांबाला टेकून, दुखरा पाय जरा अधांतरी धरून. गाभारा अरुंद, काळोखा. दाजी आत वाकले की बाहेरच्यांना त्यांच्या पाठीशिवाय काही दिसत नसे. त्यांनी उजवीकडे त्याच सकाळी तोडलेल्या जास्वंदीची पाकळी लावली आणि अंगठ्याने दाबून बसवली. डावीकडे कालच्या फुलाची कोमेजलेली पाकळी नुसती टेकवली. पन्नाशी उलटलेला माणूस आपण, आणि कुणाच्या गुडघ्यासाठी हे करतो आहोत, तर जे पोर आपल्याशी धड बोलतही नाही त्याच्या, असे मनात येऊन त्यांना स्वतःचाच राग आला.

"बा देवा रवळनाथा, गावच्या राखणदारा, ह्या तुज्या लेकरांनी आज तुज्या पायाकडे इचार मांडलो आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाहेरून सगळे एका सुरात म्हणाले.

"लवू आज खेळांदे काय नको, तां तू सांग. होय तर उजव्यान सांग, नाय तर डाव्यान सांग. तुज्या शब्दाभायर कोण जावचो नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

दाजींनी समई जरा पुढे ओढली आणि डाव्या पाकळीवर डोळे रोखले. तिची एक कड सुटली, लोंबली, आणि तशीच राहिली. ती आता पडेल, मग पडेल, म्हणून ते बघत असताना उजवी, ताजी, जाड, अंगठ्याने दाबून बसवलेली पाकळी अलगद सुटून त्यांच्या तळहातावर आली.

दाजी देवाच्या तोंडाकडे बघत राहिले. इतका संताप त्यांना गुरुदासाचाही कधी आला नव्हता.

"तुका रे हुतुतूतला काय कळता?" ते पुटपुटले.

"काय झाला, दाजीनू?" बाहेरून गुरुदास म्हणाला.

त्यांनी मूठ मिटली. काय करायचे ते माझे कर, पोराला हात लावू नको, एवढे मनात म्हणून झाल्यावर ते वळले.

"डावो," ते म्हणाले.

गुरुदासाने सुटल्यासारखा श्वास सोडला. सुभद्रेने डोळ्यांना पदर लावला. लवू खांबापासून दूर झाला आणि कोणाकडेही न बघता देवळाबाहेर पडला.

दुपारचा सामना गावाने बघितला तेवढा पुरे झाला. लवूच्या जागी गुरुदास स्वतः चढाईला गेला. त्याचा दम पलीकडे पोचायच्या आतच संपे. उरलेला वेळ तो तोंड हलवत नुसता नाचे आणि मग कोणीतरी त्याला उचलून आडवा करी. पलीकडून बाबलीचा चढाईवाला आला. बाबली त्यांचा शिकवणारा. सामना चालू असताना तोंडातून शब्द न काढता मांडी घालून बसणारा माणूस. त्याचा तो पोरगा गेल्या जत्रेला दिवसभर कोपऱ्यात उभा होता, एकदाही पलीकडे गेला नव्हता, हे दाजींना पक्के आठवत होते. आता तो येई, घाई न करता बघून घेई, आणि हवा तो गडी मारून जाई. जे आपण इतकी वर्षे बांधावर बसून ओरडत आलो, ते पलीकडच्याने न ओरडता केले, याने दाजींचे तोंड कडू झाले.

"गुरुदासा, पाय आसत काय खांब ते?" ते ओरडले. "पकडतास काय मिठी मारतास? सोयरो इलो हा काय तुमचो?"

पण आज त्यात त्यांचे लक्ष नव्हते. मळ्याच्या कडेला लवू हाताची घडी घालून उभा होता आणि त्याच्या मागे माणसे मुद्दाम मोठ्याने म्हणत होती, लवू असता तर. त्याची मान प्रत्येक वेळी जराशी खाली जाई. सामना संपून माणसे पांगली तेव्हा तो लंगडत बांधापाशी आला.

"झाला तुमचा समाधान?"

"कसला?"

"मी कामाचो नाय म्हणान गावभर सांगत होतास. देवाकय तुमचाच पटला."

दाजींनी पानाची चंची काढली आणि उगाच आतली सुपारी शोधू लागले. खरे सांगायचे तर आत्ताच सांगायला हवे होते. पण ते सांगितले असते तर हे पोर पुढच्या सामन्याला त्याच गुडघ्यावर उभे राहिले असते, आणि गुरुदासाने त्याला उभे केले असते.

"व्हय," ते म्हणाले. "पटला."

लवूच्या ओठांची कड वाकडी झाली. "मी जातंय. पल्याड मामा आसा माजो. थंय माड आसत, खेळय आसा. ह्या गावासाठी परत रेषेर पाय ठेवचंय नाय."

"जा. बाबली तुका चढाईक पाठवचो नाय हां, आधीच सांगतंय. वर्सभर कोपऱ्यात उभो करतलो, मेल्यासारखो."

"करांदे."

"उभो रव मगे. तोंड वर करू नको. गुडगो बरो होयसर तेच्याकडे चढाई मागू नको."

"माज्या गुडग्याची तुमका मोठी काळजी," लवू म्हणाला आणि थुंकला. रेषेवर नव्हे, दाजींच्या पायाजवळ. मग तो उतारावरून खाडीकडे गेला. खाली परतणाऱ्या संघाची होडी सुटत होती. बाबलीने काही न विचारता त्याला हात दिला आणि फळीवर सरकून जागा करून दिली.

गुरुदास पंच्याने तोंड पुसत आला. कोपर सोलवटले होते, त्याचेच त्याला जास्त दुःख होते.

"लवू खंय गेलो?"

"पल्याड."

"कित्याक?"

"शिकाक."

गुरुदास होडीकडे बघत राहिला. "मगे म्होरच्या जत्रेक आमचा काय?"

"म्होरच्या जत्रेक तो तुमका सातांकय मारतलो, आणि मागे बघूचोय नाय," दाजी म्हणाले. "असो गडी ह्या गावात जल्माक येवक नाय, गुरुदासा. हातात होतो तुमच्या. सांभाळूक येवक नाय तुमका."

गुरुदासाने त्यांच्याकडे वळून पाहिले. इतक्या वर्षांत दाजींच्या तोंडून कोणाबद्दल असे काही त्याने ऐकले नव्हते.

"मगे हां तेका कधी सांगलास नाय कित्याक?"

दाजींनी खाडीकडे पाहिले. होडी खाडीच्या मध्यावर गेली होती. लवू पाठमोरा बसला होता. खाडी काही फार रुंद नाही. वारा पडला होता आणि हाक मारली असती तर नक्की पोचली असती. पोर परतही आले असते. परत येऊन याच गुरुदासाच्या हातात पडले असते.

"कप्तान तू काय मी?" एवढेच ते म्हणाले. मग उठले, धोतराची माती झटकली आणि देवळाकडे चालू लागले. दिवा लावायची वेळ टळून गेली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्या गाभाऱ्यात एकट्याने जायची भीती वाटत होती.