परत आलेली टाळी

रहीमभाईंनी हॉलचं कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि रोजच्यासारखी एक टाळी वाजवली. टाळी परत आली. तिच्यामागून दुसरी आली, आणि मग तिसरीही, जरा दमलेली.

रहीमभाई दारातच थिजले. गेल्या वीस वर्षांत या हॉलमधून टाळी एकदाही परत आली नव्हती.

भिंतींवर खालपासून वरपर्यंत पांढऱ्याशुभ्र टाइल्स बसवल्या होत्या. एखाद्या अवाढव्य न्हाणीघरात कोणी तीनशे खुर्च्या मांडाव्यात, तसं ते दिसत होतं. टाइलीटाइलीत एकेक रहीमभाई उभे होते आणि सगळ्यांचीच तोंडं उघडी होती.

"कसं वाटलं सरप्राइज?" मागून दिव्यानी मॅडम आल्या. विद्यापीठाच्या संगीत मंडळाच्या त्या सचिव, दोनच वर्षांपूर्वी रुजू झालेल्या. मंडळाची सुवर्णमहोत्सवी मैफल आज संध्याकाळी होती. "तुम्ही वरोऱ्याला भाचीच्या लग्नात. म्हटलं, आल्यावर एकदमच दाखवू. आठ दिवसांत काम!"

"मॅडम, भिंती कुठी गेल्या?"

"आहेत ना, टाइल्सच्या मागं. आता नुसतं फडकं मारलं की झालं."

"अन् बांबूचे तट्टे? अन् गाद्या?"

"हां, ते तर विचारायचंच होतं! भिंतीत गाद्या हो भाऊ! कोणाचं डोकं असेल? कचऱ्याच्या गाडीला दोन खेपा पुरल्या नाहीत."

ते डोकं मॅडमसमोरच उभं होतं.

हा हॉल मुळात तेंदूपत्त्याचं गोदाम. ठेकेदाराने तो कॉलेजला दिला, कॉलेजने संगीत मंडळाला, आणि मंडळाने रहीमभाईंना, म्हणजे झाडायला. पुढे कॉलेजचं विद्यापीठ झालं. झाडू तोच राहिला. रहीमभाई पिंजाऱ्याच्या घरचे. रागदारीतलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण पाहुणा गातो आणि गोदाम त्याच्या वर तोंड करून ओरडतं, हे पहिल्याच मैफलीत ध्यानात आलं. त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं. तेव्हापासून मैफल झाली की तिचा कापडी फलक ते घरी न्यायचे, धुऊन त्याची खोळ शिवायचे, वरोऱ्याचा कापूस पिंजून भरायचे आणि चौकीदार दसरूने विणलेल्या तट्ट्यामागे ती गादी सरकवायचे. एका मैफलीची एक गादी. टाळी आधी सहादा परत यायची, मग चारदा, मग दोनदा. एका सकाळी गेलेली टाळी परत आलीच नाही. त्या दिवशी रहीमभाईंनी दसरूला स्पेशल चहा पाजला. पुढे फलक प्लास्टिकचे आले आणि गाद्या थांबल्या. बाहेरचे गवई विचारत, "काय हो हा आवाज हॉलचा!" अध्यक्ष छताकडे बोट दाखवून म्हणत, "आमचं सागवान!"

"मॅडम, आवाज परत येऊन राह्यला," रहीमभाई एवढंच म्हणाले.

"येऊ द्या की! एका पासात दोनदा ऐकायला मिळेल." मॅडमनी त्यांच्या हातात नवी स्मरणिका ठेवली. पहिल्या पानावर लिहिलं होतं : 'जुनी कागदपत्रे वाळवीने खाल्ल्यामुळे मंडळाचा इतिहास उपलब्ध नाही.' उरलेल्या जागेत अध्यक्षांचा फोटो होता.

रहीमभाई थेट फाटकावर गेले. "दसरू, तू पाहूनच राह्यला का?"

"मी म्हणलो ना भाऊ, रहीमभाऊले येऊ द्या. तर म्हणे, तू फाटक सांभाळ." दसरूने खाटेवरचं पांघरूण बाजूला केलं. खाली एक गादी होती. "एक ठेवून घेतलो. थंडी पडून राह्यली."

संध्याकाळी अध्यक्षांनी संस्थापकांचं नाव एकदा घेतलं. टाइल्सनी तीनदा घेतलं. लोकांना वाटलं घोषणा आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या संपता संपेनात.

मग गायिका बसल्या. वयस्क, नाव मोठं. त्यांनी पहिला सा लावला आणि दचकून थांबल्या. पुन्हा लावला. तीन बाजूंनी तीन सा अंगावर आले. बाईंनी तंबोऱ्यावरचा हात काढला. दिव्यानी मॅडम भिंतीशी उभ्या होत्या. त्या कुठे संपतात आणि टाइल कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली. रहीमभाई तिच्यावर चढले आणि दसरूच्या खाटेवरची ती गादी दोन्ही हातांनी मागच्या भिंतीवर दाबून उभे राहिले.

"काऊन भाऊ, भिंतीले थंडी वाजून राह्यली का?" कोणीतरी ओरडलं. सगळा हॉल हसला, तीनदा हसला.

मधोमध गादी दुमडली होती. पण त्यांनी ती खाली घेतली नाही.

बाई त्या चौकोनाकडे पाहत राहिल्या. मग जराशा वळल्या आणि नेमका तिकडे सा लावला. त्यातला थोडासा गादीत गेला आणि तिथेच राहिला, परत आला नाही. त्यांनी डोळे मिटले.

थोड्या वेळाने दसरू फाटक सोडून आत आला. शेजारच्या खुर्चीवर चढून त्याने दुसरं टोक धरलं. गादीची घडी उलगडली आणि खोळीवरची फिकट निळी अक्षरं पुरती वाचता येऊ लागली : वार्षिक मैफल, १९९१.