नुईने घातलेली घडी

मी एक जुनी मच्छरदाणी आहे. जपानातल्या ओमी गावच्या विणकरांनी मला तागाच्या सुतात विणले, हिरवे रंगवले आणि कडेला लाल पट्टी लावली. नुई लग्न होऊन डोंगरातल्या या खेड्यात किहेईच्या घरी आली, तेव्हा तिच्या सामानात मीही होते.

मित्रांनो, तेव्हा माझा काय थाट होता! दर पावसाळ्यात त्यांची लेक मित्सुए नवऱ्याला घेऊन ओसाकाहून चार दिवस माहेरी यायची. आभाळ गडगडले की नुई भरदुपारीसुद्धा मला चार कोपऱ्यांना टांगायची आणि ओरडायची, "अरे, आत या! बेंब्या झाका, नाहीतर ढगातला बाबा पळवेल! वाकून या, डास आणू नका!"

गडगडणाऱ्या ढगांचा देव उघडी बेंबी पळवतो आणि माझ्या आत वीज येत नाही, असे इथे मानतात. खरे सांगते, मी साधे कापड. विजेला काय अडवणार? पण सगळे दाटीवाटीने बसून सोयाबीनच्या शेंगा खात, तेव्हा मलाही ते खरे वाटायचे.

मग नुई गेली. खिडक्यांना जाळ्या आल्या. किहेईने मला कापूर घालून कपाटात ठेवले आणि कोणालाही हात लावू दिला नाही. मान मिळाला, पण वारा लागेना.

यंदा मित्सुए आपल्या छोट्या लेकीला, सुझुनाला घेऊन आली. दुपारी असा कडकडाट झाला की पोर रडू लागली. मित्सुएने कपाट उघडले.

"ठेव ती!" किहेई ओरडला. "तुझ्या आईने घातलेली शेवटची घडी आहे."

"बाबा, आईने ती पुन्हा उघडण्यासाठीच घातली होती ना?"

तो तोंड फिरवून ओसरीवर जाऊन बसला. मित्सुएने मला टांगले. नुईच्या हातची घडी मोडली, तेव्हा मलाही वाईट वाटले.

पुन्हा कडाडले. सुझुनाने माझी कड उचलली. "आजोबा, बेंबी झाका! वाकून या, डास आणू नका!"

आजीला तिने पाहिलेही नव्हते. हे बोल तिला आईने शिकवले असणार. किहेई ओसरीवरून उठला. मग पोटावर हात धरून, वाकून आत आला.

"डास आणला का?" सुझुनाने विचारले.

"आणला की. डोळ्यातच गेला मेला," तो डोळे पुसत म्हणाला.

पाऊस ओसरल्यावर त्याने स्वतः माझी घडी घातली. अगदीच वाकडीतिकडी. मित्सुए ती सारखी करायला गेली, तर म्हणाला, "राहू दे. उद्या परत लावायचीच आहे."

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर जपा, पण वापरून जपा. नुईची घडी आता माझ्यावर नाही. तिची हाक मात्र घरात परत आली आहे.