सीमोल्लंघनाचा बार

मित्रांनो, मी एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे. पण नावाला घाबरू नका. मला तळहातावर ठेवलं तर वर बोटं उरतात. गावात आलो तेव्हा लोकांना मी पानाच्या तबकातला अडकित्ताच वाटलो होतो. माझी काडतुसंही तशीच बारकी. त्यांच्या बुडाच्या कडेत ठिणगीची दारू असते आणि माझा घोडा त्या कडेवर नेमका आदळला की बार उडतो. पण आवाज म्हणाल तर! एकदा माझ्या आवाजानं तुळजापूरच्या वाटेवरचा उंट जो उधळला, तो थेट सोलापूरच्या गिरणीत शिरला, आणि त्याच्या ओरडण्यालाच भोंगा समजून तिथल्या लोकांनी सुट्टी केली. खोटं वाटत असेल तर उंटाला विचारा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. भट्टीत तापलो, कातला गेलो, आक्रोडाच्या लाकडाची मूठ मिळाली आणि गलबतात बसून इकडं आलो. हैदराबादच्या एका दुकानातून मला मार्तंडराव नाकेदारांनी घेतलं. तेव्हा तुळजापूर निजामाचं होतं आणि सोलापूर इंग्रजांचं. आमच्या गावच्या शिवेवर सडकेला आडवा लाकडी दांडा होता, शेजारी एक खोली आणि एक पांढरा दगड. हा करोडगिरीचा नाका. इकडचा माल तिकडं न्यायचा तर इथं जकात भरावी लागे. मार्तंडराव या नाक्याचे धनी, आणि मी त्यांच्या कमरेचा.

दर शनिवारी ते जुन्या धोतराच्या तुकड्यावर मला निजवत. आधी चक्री उघडून सहाही घरं रिकामी करत, आणि रिकामी दिसली तरी प्रत्येक घरात बोट घालून बघत. "डोळ्याला दिसलं तरी बोटाला विचारावं," असं त्यांचं म्हणणं. मग नळीत काडीला बांधलेली चिंधी फिरायची आणि सांध्याला मशीनचं पातळ तेल लागायचं, तेही थेंबभर. माझी दुखणी त्यांना आईसारखी ठाऊक होती. चक्री जड फिरली तर जळलेल्या दारूची काजळी साचलीय हे ते आवाजावरून ओळखत. रिकामं टरफल घरात रुतून बसलं तर चाकू लावत नसत, कडुलिंबाच्या काडीनं पुढून हळूच ढकलत. आणि काडतूस फुसकं निघालं तर मला लगेच उघडत नसत. तोंड मातीकडं धरून बराच वेळ उभे राहत. दारूला कधी कधी उशिरा जाग येते, म्हणत. ते शनिवार मला फार आठवतात, मित्रांनो. तसा हात पुन्हा लागला नाही.

माझ्या मानाचा दिवस दसऱ्याचा. गावाचं सीमोल्लंघन नाक्यावर जायचं. पांढऱ्या दगडाजवळ आपट्याचं झाड होतं आणि त्यापुढं मातीचा उंच बांध. बांधापलीकडं इंग्रजांचा मुलूख. मार्तंडराव बांधाच्या मऊ मातीत एक बार काढत आणि तो ऐकल्याशिवाय आपट्याच्या पानाला कुणी हात लावायचा नाही, अशी रीत पडली होती. लहान पोरं झाडाखाली हात वर करून माझी वाट बघत उभी राहायची. पलीकडचा इंग्रजी शिपाई माझा आवाज ऐकून सलाम ठोकायचा. मार्तंडराव म्हणत की तो डास मारायचा. पण माणसानं आपल्या रिव्हॉल्व्हरचं इतकंही मन मोडू नये.

पुढं निजामाचं राज्य गेलं. जकात गेली, नाका गेला. आडवा दांडा गावानं उचलून नेला आणि मारुतीच्या देवळात त्याला घंटा टांगली. माणसं सडकेवरून सोलापूरला सरळ जाऊ-येऊ लागली, कुणी विचारेना. सगळ्यांना आनंद झाला. मार्तंडरावांनाही झाला, पण संध्याकाळी ते उगीच नाक्यापर्यंत चालत जात आणि जाणाऱ्या बैलगाड्यांकडं बघत उभे राहत. त्यांना निजाम नको होता, नाका हवा होता.

मीही देवघरातल्या पेटीत गेलो. त्यातच मार्तंडरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि शनिवार बंद पडले. आता वर्षातून दोनच दिवस उजेड दिसायचा: खंडेनवमीला पूजेसाठी आणि दुसऱ्या दिवशी बारासाठी. पूजा करायच्या त्यांच्या सूनबाई, वनमालाबाई. बाई मायाळू. देवीचं शस्त्र म्हणून मला हळद लावायच्या, कुंकू वाहायच्या आणि गंजू नये म्हणून स्वयंपाकघरातलं करडईचं तेल पळीनं सोडायच्या. मी न्हाऊन निघायचो. कौतुक कुणाला नको असतं? मीही गप्प राहिलो.

जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या दसऱ्याची गोष्ट. गाव नाक्यावर जमलं. मार्तंडरावांनी बांध कुठं आहे ते काठीनं चाचपलं, मला रोखलं आणि चाप ओढला.

खुट्ट.

घोडा दलदलीत पाय पडावा तसा पडला. पुन्हा ओढायला गेले तर चक्रीच फिरेना. मार्तंडराव माझं तोंड मातीकडं धरून थांबले. झाडाखाली पोरांचे वर केलेले हात अवघडले. गावात गोरोबा नावाचा एक गडी होता, मेंढरांसोबत जीभही माळावर मोकळी सोडणारा. तो म्हणाला, "रावसाहेब, शीव गेली, आता तुमचा आवाज बी गेला व्हय?"

माणसं हसली. मार्तंडराव नाही हसले. शेवटी गुरवानं शिंग फुंकलं आणि लोकांनी सोनं लुटलं. त्या दिवशी मार्तंडरावांनी कुणाला सोनं दिलं नाही, कुणाचं घेतलं नाही. घरी येऊन बसले आणि म्हणाले, "उद्या याला तुळजापूरला तहसिलीत जमा करून येतो. दोघांचाही उपयोग संपला."

मला काय वाटलं असेल! पण वनमालाबाईंनी जेवणाचं ताट त्यांच्यापुढं ठेवलं आणि तिथंच बसून राहिल्या.

"मामंजी, एक विचारू? याची चक्री हाताला चिकट लागते का?"

"लागते. का?"

"माझं शिलाईचं मशीन असंच बसलं होतं. मशीनचं तेल संपलं म्हणून मी करडईचं घातलं. चार महिन्यांत त्याचा डिंक झाला. चाकच हलेना." मग खाली बघून म्हणाल्या, "याला तर मी वर्षानुवर्षं पाजतेय. वर कुंकू."

मला वाटलं, आता मार्तंडराव रागावतात. पण त्यांनी ताट बाजूला सारलं आणि हात धुऊन धोतराचा तुकडा मागितला.

मित्रांनो, तो शनिवार नव्हता, पण मी शनिवारच मानला. बोटं सासऱ्याची आणि डोळे सुनेचे. ते म्हणत, घर रिकामं आहे का बघ. त्या म्हणत, आहे. तरी ते बोट घालून बघत. न उडालेलं काडतूस वेगळं काढून पाण्याच्या वाटीत टाकलं. मागल्या वर्षाचं टरफल कुंकवाच्या चिखलात बसलं होतं, ते काडीनं ढकललं. घोड्याच्या वाटेत, चक्रीच्या पाठीमागं, सगळीकडं पिवळट-लाल खळ. रॉकेलमध्ये भिजवून, दात घासायच्या बुरशानं घासून ती सुटली, तेव्हा रॉकेलची वाटी लग्नघरातल्या परातीसारखी लाल झाली. मला तर वाटतं माझ्यातून निदान दोन मण कुंकू निघालं. मग मशीनचं तेल लागलं आणि रिकामा घोडा पडला, अगदी ताठ आवाजात. मार्तंडरावांच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. तहसील राहून गेली.

वर्षभर ते ज्याला त्याला सांगत सुटले, या दसऱ्याला बार होणार. गोरोबालाही सांगितलं. तो म्हणाला, "बगू की."

दसरा आला. मी असा होतो, जणू कारखान्यातून आत्ताच निघालोय. मार्तंडराव दगडाजवळ उभे राहिले, मला बाहेर काढलं. शेजारी वनमालाबाई.

"सूनबाई, पुढं मोकळं आहे ना?"

बाई बांधाकडं बघतच राहिल्या. कारण त्या वर्षी एक नवलच झालं होतं. पलीकडच्या गावाला आता कुणाची आडकाठी नव्हती. तिथली माणसं बायकापोरांसह आमच्याकडं सोनं लुटायला आली होती आणि जागा दिसली तशी बांधावरच ओळीनं बसली होती. तळपणाऱ्या पगड्या, टोपल्या, कडेवरची लेकरं.

"मामंजी," बाई हळू म्हणाल्या, "बांधावर माणसं बसलीत. पलीकडची. पुष्कळ."

गोरोबा म्हणाला, "मग वर आभाळात टाका की रावसाहेब. एवढं काय त्यात?"

"वर गेलेलं खाली येतंच, गोरोबा."

मार्तंडरावांचा अंगठा माझ्या घोड्यावर होता. वर्षभराची हौस होती त्यांची. मग त्यांनी चक्री उघडली, काडतूस तळहातावर घेतलं, घरात बोट घालून बघितलं आणि मला कमरेला लावलं. गाव आता हसणार, इतक्यात त्यांनी मान वर केली आणि नाक्यावर गाड्या अडवताना देत तशी पोटातून हाक दिली:

"ठहरो!"

सडकेवरची एक बैलगाडी खरोखरच थांबली. बांधावरची म्हातारी माणसं सवयीनं उठून उभी राहिली आणि गाठोडी सोडायला लागली. गोरोबाच्या तोंडचं पान तोंडातच राहिलं.

"आता लुटा," मार्तंडराव म्हणाले, "दोन्ही गावांनी."

त्या वर्षी दोन्ही गावांनी मिळून झाड बोडकं केलं. गोरोबानं पहिलं पान मार्तंडरावांच्या हातात ठेवलं आणि पायाला हात लावला. पुढं ते होते तोवर सीमोल्लंघन त्यांच्या हाकेवरच होत असे. ते गेल्यावर वनमालाबाईंनी मला पुसून, परवान्यासह तहसिलीत जमा केलं. तेव्हापासून मी मालखान्यात आहे. चिठ्ठी बांधली आहे, तेलाचं कुणी बघत नाही.

मित्रांनो, वस्तूवर माया करा, पण तिला काय सोसतं ते विचारून करा. आणि माझ्यासारखं लोखंड कुठं पडलेलं दिसलं तर हात लावू नका, मोठ्या माणसाला हाक मारा. आम्ही भरलेले की रिकामे, हे आमच्या तोंडाकडं बघून कुणाला कळत नाही.

मी पुरता बरा झालो आणि पुढच्याच दसऱ्याला माझी गरज संपली. मला राग नाही. फक्त दसऱ्याला तुळजापुरात संबळ वाजू लागली की माझी चक्री आपोआप एक घर पुढं सरकते. शिपाई दचकून दिवा घेऊन येतो, इकडं तिकडं बघतो आणि उंदीर असेल म्हणून परत जातो.