ओस्वाल्दोच्या गाडीला कुणी धरलं?

नेरेइदाचं पत्र येऊन चार दिवस झाले होते आणि लेओपोल्दो मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर माहीत नव्हतं असं नाही. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. ‘आपण मध्ये पडावं का?’ या एका प्रश्नात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. त्यात आणखी चार दिवस गेले.

‘मास्तर,’ तिनं कामाग्वेहून, माहेरून लिहिलं होतं, ‘मेलेला माणूस लोखंड धरून ठेवू शकतो का? तुम्ही आम्हाला पदार्थविज्ञान शिकवलंत. सासूबाई तुमचं ऐकतील. नवव्या दिवसाच्या आत त्यांना सांगा.’

आज नववा दिवस होता. कार्देनासला ओबदुलियाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आंब्याखाली त्यांच्या मुलाची, ओस्वाल्दोची, एक्कावन्न सालची टॅक्सी उभी होती. ओस्वाल्दो जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून गाडी तिथंच. इंजिन चालू व्हायचं, पण आत पाणी झिरपायचं. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, काढून खालचं गॅस्केट बदललं की भागलं असतं. पण सगळे नट काढले तरी हेड हलेना. ओबदुलियाबाईंचा दीर बाल्दोमेरो मेकॅनिक, तो शेवटी हातोडी टाकून म्हणाला, “धरलंय.”

गंजून बसलेल्या लोखंडाला तिथले सगळे मेकॅनिक हेच म्हणतात. पण नेमका तेव्हा मृतांशी बोलणारा मांत्रिक, पापा एलादिओ, कुंपणाशी उभा होता.

“कुणी धरलंय?” त्यानं हळूच विचारलं.

तेवढं पुरलं. ओस्वाल्दोनं धरलंय. का? तर बायको बदफैली निघाली म्हणून. नेरेइदाची रवानगी माहेरी झाली. नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ हेडच्या बोल्टांभोवती मंतरलेलं पाणी ओतायचं. मग नट परत बसवायचे, पण दोन आटे सैल. मृताला बाहेर पडायला दार हवं! नवव्या दिवशी तिचा लग्नाचा पोशाख जाळायचा, की इंजिन तोंड उघडणार. हे सगळं नेरेइदानं पत्रात लिहिलं होतं, आणि ‘दोन आटे सैल’ वाचताच मास्तरांना सगळं कळून चुकलं होतं.

आणि आता त्याच गाडीत, चालकाच्या जागेवर, ते बसले होते. “चावी फिरवायला एखादा शिकलेला माणूस हवा, साक्षीदार म्हणून,” असं एलादिओ म्हणाला होता. मास्तरांना नाही म्हणता आलं नव्हतं.

“ओस्वाल्दो, लेकरा!” एलादिओ ओरडला. “तुझं दुःख मला दिसतंय रे! मास्तर, पोशाखाची राख झाली की मी हात वर करीन. त्याआधी चावी फिरवलीत, तर हेड तसूभर हलायचं नाही!”

“जिवंतपणी दहा मिनिटं एका कामाला धरून बसला नाही,” मागून कुणीतरी पुटपुटलं, “आता नऊ दिवस बसलाय!”

“गप्प बसा रे!” बाल्दोमेरो खेकसला.

ओबदुलियाबाई पोशाख घेऊन पुढे आल्या. त्याची लेस त्यांनी स्वतः विणली होती. इंजिनावरून व्हायोलेट अत्तराचा वास येत होता, तिकडे तान्ह्या बाळाला लावतात तसा. आणि त्याखाली दुसराच, ओळखीचा वास.

एलादिओनं काडी ओढली.

मास्तरांनी चावी फिरवली.

इंजिन खोकलं, घरघरलं आणि फाड्कन आवाज झाला. पाण्याची चिळकांडी उडाली. मास्तरांनी चावी बंद केली. हेड नटांपर्यंत वर उचललं गेलं होतं.

एलादिओच्या बोटाला काडीचा चटका बसला. “ओस्वाल्दोला… जरा घाई झाली,” तो म्हणाला.

“पण पोशाख जळलाच नाही,” ओबदुलियाबाई म्हणाल्या.

मास्तर खाली उतरले. “सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं. तो जोर पिस्टनला खाली ढकलतो, तसाच हेडला वर ढकलतो. नट घट्ट असले तर हेड जागचं हलत नाही. नट सैल आणि गंज भिजलेला असला की सुटतं. पोशाख जाळावा लागत नाही. बदनाम करायला कुणाची सून लागत नाही.”

बाल्दोमेरोनं बोल्टाजवळ बोट फिरवून नाकाशी नेलं. “रॉकेल! वहिनी, यानं नऊ दिवस रॉकेल ओतलंय, वर अत्तर! आणि मी मेकॅनिक म्हणवणारा, छातीवर क्रूस काढत उभा!”

सगळे एलादिओकडे वळले. तो फाटकाबाहेर पडला होता.

“मास्तर,” ओबदुलियाबाईंनी विचारलं, “तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“पाचव्या दिवसापासून.”

त्या पोशाखाची घडी घालत राहिल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

दुपारी त्यांनी चौथ्यांदा उत्तर लिहिलं.

‘नेरेइदा, नाही. मेलेला माणूस लोखंड धरत नाही. गंज धरतो. एलादिओ खोटं बोलला. मी खरं माहीत असून गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्यावरच त्याचं खोटं चार दिवस जगलं. “कुणी धरलंय” असं कुणी म्हटलं, की आधी “कशानं” हे विचारायचं आणि विचारायचं ते मोठ्यानं, चारचौघांत. वर्गात मी हे तुम्हाला शिकवलं, अंगणात स्वतःच विसरलो. सासूबाई शनिवारच्या बसनं पोशाख घेऊन तुझ्याकडे येताहेत. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मला तर माफी मागायचाही अधिकार नाही, तरी मागतो.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीच्या फटीत पाकीट अर्धं गेलं, तेव्हा सवयीनं बोटांनी ते धरून ठेवलं.

मग मास्तरांनी बोटं सोडली.