दांडी की घंटा

“तुमच्या या खोक्यात काय आहे, ते मला एका शब्दात सांगा,” सीमाशुल्काच्या अधिकारीबाई म्हणाल्या.

ताईनं खोक्यातल्या एकेका वस्तूवरून नजर फिरवली. टेबलावर खोकं उघडं पडलं होतं. न्हाणीघरात म्हाताऱ्या माणसांनी धरायची स्टीलची दांडी, ती भिंतीला बसवायच्या चकत्या, स्क्रू, भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या, रबरी वायसर, वाकडी चावी आणि दांडीशेजारी चिकटवायचं एक पांढरं बटण. बटण दाबलं की बाहेरच्या खोलीतली बिनतारी घंटा वाजायची. हे सगळं एका शब्दात सांगायचं तरी कसं?

“आधार,” शेवटी ती म्हणाली.

“आधार नावाचं शीर्ष आमच्या दरपत्रकात नाही.” बाई हसल्या नाहीत. माल ज्या शीर्षाखाली, म्हणजे ज्या वर्गात बसेल, त्यावर त्याची जकात ठरायची.

ताईचं नळ, कड्या, बिजागऱ्यांचं दुकान होतं. परदेशातून मोठा माल मागवायचं धाडस तिनं पहिल्यांदाच केलं होतं, तेही धाकट्या भावाच्या भरवशावर. तो माल सोडवून देणाऱ्या एका कचेरीत कामाला होता. खरं नाव कागदावर, बाकी सगळीकडे बंड्या. त्यानं संपूर्ण संच स्टीलच्या जोडणीचं सामान म्हणून दाखवला होता. बाईंना मात्र घंटा खटकली होती. घंटा मुख्य धरली तर सगळा संच विजेच्या उपकरणांत जाणार, बिनतारी यंत्राचा परवाना लागणार आणि तो येईपर्यंत माल गोदामात धूळ खात पडणार.

“मॅडम, नियम सरळ आहे,” बंड्या पुढे सरसावला. “विकायला एकत्र बांधलेला संच असला की, ज्या वस्तूमुळे त्या संचाला त्याचं मूळ रूप येतं, तिच्या शीर्षाखाली सगळं जातं. इथं मूळ वस्तू दांडी.”

“नियम मलाही पाठ आहे. पण माणूस पडला तर त्याला वाचवणार कोण, दांडी की घंटा?”

“माणूस पडूच नये म्हणून दांडी आहे, मॅडम,” ताई बोलून गेली आणि लगेच तिला वाटलं, आपण फार बोललो.

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग खोकं उचललं. “बसवून दाखवा. वाचून मला काही कळत नाही. आणि जरा भरभर. उद्यापासून माझी बदली आहे. आज उरकलं नाही, तर नवे साहेब पहिल्यापासून बघतील.”

बंड्याच्या कपाळावर घाम आला. ताईनं बाईंच्या हातातून खोकं घेतलं.

तपासणीच्या शेडमागं पाडायला काढलेलं एक जुनं न्हाणीघर होतं. फरशा जागोजागी उडालेल्या, नळाला तोटी नाही. दुरुस्तीवाल्यांकडून ड्रिल मागून आणलं. ताईनं स्वतः भोकं पाडली, गिट्ट्या ठोकल्या, चकत्या कसल्या. हात कापत होता, म्हणून एक स्क्रू दोनदा निसटला. बंड्या शेजारी उभा राहून उगाच “हळू, हळू” म्हणत होता. त्यानं तिचा हात अजूनच कापायला लागला.

दांडी बसली. बाईंनी बटण दाबलं. शेडमध्ये कुठंतरी घंटा किणकिणली आणि एक हमाल दचकून इकडंतिकडं बघायला लागला.

“आता समजा, हे बटण काढून टाकलं,” बाई म्हणाल्या.

“तर दांडी उरते. लोक घेतील,” ताई म्हणाली.

“आणि दांडी काढली?”

“तर नुसतं बटण कुणी न्हाणीघरात लावणार नाही.”

बाईंनी एकदा दांडीकडे, एकदा बटणाकडे पाहिलं. मग मान डोलावली. “ठीक. स्टीलच्या शीर्षाखाली. मी टिपण लिहिते, तासभर लागेल. दोघंही वर या, तुमची सही लागेल. मालकिणीचीच. दुसऱ्या कुणाची चालत नाही.”

त्यांची पाठ वळली आणि बंड्यानं ताईचा खांदा असा दाबला की तिला कळ आली. “जिंकलो, ताई! चल, काढ ती दांडी, आवर.”

फरशीवर बसून ताई हत्यारं गोळा करत होती. उठताना सवयीनं तिनं दांडीचा आधार घेतला. डावी चकती भिंतीतून अलगद बाहेर आली. स्क्रूला घट्ट चिकटलेली गिट्टी गुळगुळीत, जशीच्या तशी. ताई गुडघ्यावर आपटली.

तिनं गिट्टी बोटांत धरून दाबली. प्लास्टिक कडक होतं. आत स्क्रू शिरला तरी ते फुगतच नव्हतं, भिंतीला धरतच नव्हतं. तिनं शेडमधून मालातलं दुसरं खोकं आणून फोडलं. तिथंही तीच. उजव्या चकतीला जोर लावला, तीही आली.

“भिंतच जुनी आहे गं,” बंड्या म्हणाला. पण त्याचा आवाज पडला होता.

“भिंत धड आहे. भोकाच्या कडा बघ.”

“बरं, मग माल सुटल्यावर गिट्ट्या बदलू. इथल्या चांगल्या घालू. आत्ता तोंडातून अवाक्षर काढू नकोस.”

ताई ऐकतच नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर वृद्धाश्रम आला होता. मोठा माल मागवण्याआधी नमुन्याची एक लहान पेटी आली होती. ती सगळी तिनं त्या आश्रमाला विकली होती आणि हौसेनं स्वतः जाऊन बसवून दिली होती. त्याच गिट्ट्यांवर.

तिनं आश्रमाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कुणी उचलेना.

“ही वेळ त्यांच्या अंघोळीची,” ती म्हणाली.

“ताई, सही करून जा. थोडा दम धर. इतके दिवस टिकलंय ना?”

“इतके दिवस टिकलंय म्हणूनच ते आता बिनधास्त लटकत असतील.”

“मॅडम उद्या नाहीत! कळतंय का तुला? माल अडकला की दुकान बसलं!”

“कळतंय रे,” ती म्हणाली आणि तशीच हातात गिट्टी घेऊन निघाली. फाटकापर्यंत तिनं चालण्याचा प्रयत्न केला. मग पळालीच.

रिक्षात ती फोन लावत होती, ठेवत होती, पुन्हा लावत होती. प्रत्येक सिग्नलला आपण मूर्खपणा करतोय असं वाटायचं. सिग्नल सुटला की वाटायचं, उशीर झाला.

आश्रमाच्या व्यवस्थापिकाबाई दारातच भेटल्या. फोनची घंटा कुणीतरी बंद करून ठेवली होती, एवढंच. “न्हाणीघरं बंद करा, सगळी,” ताई धापा टाकत म्हणाली. “दांड्या निघतायत.”

व्यवस्थापिकाबाईंचा चेहरा पांढरा पडला. एक सोडून सगळी न्हाणीघरं रिकामी होती. त्यात एक आजोबा होते. सगळ्यांवर हुकूम सोडायचे, म्हणून आश्रमात त्यांना कप्तान म्हणायचे.

“आजोबा, दांडी धरू नका!” ताईनं दारावर थाप मारली.

“कोण आहे? मला साबण लागलाय!”

“खाली बसा! आहात तिथं बसा, दांडीला हात लावू नका!”

“बसू कसा? बसायला तिचाच आधार लागतो!”

आतली कडी बाहेरूनही काढता यायची; व्यवस्थापिकाबाईंनी ती काढली. ताईनं तोंड फिरवून आत हात घातला. आजोबांनी तिचं मनगट पकडलं. म्हाताऱ्याच्या हातात केवढा जोर! त्या जोरानं ती चौकटीला टेकली, पण तिनं पाय रोवले. आजोबा पुटपुटत, शिव्या घालत स्टुलावर बसले. मग तिनं दांडी ओढून पाहिली. चकतीभोवती भेग पडली होती. आणखी ओढल्यावर ती हातात आली.

संध्याकाळपर्यंत तिनं सगळ्या दांड्या काढल्या. काही घट्ट होत्या, बऱ्याच नव्हत्या. व्यवस्थापिकाबाई मागून येऊन भिंतीतली भोकं मोजत होत्या. तेच तिला जास्त लागलं.

बंड्याचा फोन आला तेव्हा ती पायरीवर बसली होती. “मॅडम थांबल्या होत्या,” तो म्हणाला. “बराच वेळ थांबल्या. मग गेल्या.”

नव्या साहेबांनी खरंच पहिल्यापासून सुरू केलं. त्यांना घंटाच मुख्य वाटली. अपील झालं, सुनावण्या झाल्या. ताईनं पहिल्याच अर्जात गिट्ट्यांचा दोष लिहून टाकला. त्यावर बंड्यानं डोक्याला हात लावला आणि बरेच दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. शेवटी निकाल दांडीच्या बाजूनं लागला, पण तोवर गोदामाचे पैसे भागवायला ताईनं दुकानाची अर्धी जागा भाड्यानं दिली होती.

माल सुटल्यावर ती नव्या, पितळी गिट्ट्या घेऊन आश्रमात गेली. बंड्या न सांगता ड्रिल घेऊन आधीच तिथं पोचला होता.

“तू कसा?”

“तुझा हात कापतो,” तो म्हणाला. “सरक.”