रोज दहा मिनिटं

ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरातलं तीन दिवसांचं शिबिर आटोपून वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक हाल्मर साहेब परतले ते एक तक्ता घेऊनच. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे जातात आणि त्यानं म्हाताऱ्या माणसांची झोप, भूक, मन सगळंच बिघडतं, असं त्यांना तिथं कळलं होतं. उपायही मिळाला होता. तास एकदम ढकलायचा नाही. सोमवारपासून रोज दहा मिनिटं घड्याळं पुढे करायची. शनिवारी तास भरतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

रोस्विता त्या वृद्धाश्रमात बावीस वर्षं नर्स होती. चर्च, डॉक्टर आणि भेटायला येणारी मुलंबाळं तर जुन्याच वेळेवर चालणार, त्यांचं काय, असं तिनं विचारलं. साहेब म्हणाले की ही बदलाची भीती आहे, तिच्यावरही शिबिरात एक सत्र झालं होतं.

बुधवारी आश्रम अर्धा तास पुढे गेला. आश्रमातल्या झेसिलिया आजींची मुलगी नेहमीप्रमाणे दोन वाजता आली आणि अर्ध्या तासात भेटीची वेळ संपली म्हणून तिला उठवण्यात आलं. गुरुवारी डॉक्टर तपासायला आले तर सगळे सूप पीत बसलेले. साहेब मात्र खुशीत होते, कारण तक्ता वेळेवर चालला होता.

त्यातच झोपेचे फॉर्म आले. रोज पहाटे प्रत्येकाला झोप कशी लागली ते विचारून लिहायचं. विचारायचं म्हणजे उठवणं आलं. त्यासाठी रोस्विताला तासभर लवकर यावं लागे, म्हणजे घरी चारला उठावं लागे.

झेसिलिया आजी एक्क्याण्णव वर्षांच्या, जन्मभर टपाल कचेरीत काम केलेल्या. शुक्रवारी रोस्वितानं त्यांना हलवून जागं केलं.

"तू उठवेपर्यंत छान लागली होती," आजी म्हणाल्या. "लिही, असंच लिही."

तिनं तसंच लिहिलं. ती वळली तेव्हा आजींनी तिची बाही धरली.

"आणि तुझी गं? डोळे बघ कसे खोल गेलेत. तुझा फॉर्म कोण भरतं?"

चादरींच्या खोलीत जाऊन रोस्विता गठ्ठ्यावर पाचेक मिनिटं नुसती बसून राहिली. आठवडाभरात तिला कुणी हे विचारलं नव्हतं.

रविवारी ती सहाला कामावर आली तर न्याहारी संपत आलेली. भिंतीवर सात वाजले होते. आलोइस हा तिथला जुना देखभालीचा माणूस. दरवर्षीप्रमाणे शनिवारी संध्याकाळी घरी जाताना त्यानं सगळी घड्याळं इमानदारीत तासभर पुढे केली होती. तो त्याच दिवशी रजेवरून परतला होता, तक्त्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं; आश्रम आता तासभर जास्तच पुढे गेला होता.

पुन्हा शिबिराला गेलेल्या साहेबांना फोन गेला. ते म्हणाले, "घाईनं काही करू नका, सिस्टर. एकदम तासाचा धक्का त्यांना सोसायचा नाही. रोज दहा मिनिटं मागे घ्या आणि मला अहवाल पाठवा. मी आठवडाभर लिंत्सलाच आहे."

"बरं," रोस्विता म्हणाली.

फोन ठेवून तिनं शिडी मागवली आणि आलोइसला सोबत घेऊन एकोणीस घड्याळं पाव तासात जागेवर आणली. झोपेचे फॉर्म कपाटात गेले. सोमवारपासून ती पुन्हा पाचला उठू लागली. आश्रमातले सगळे मनसोक्त झोपले, भूक लागली तसे जेवले, आणि आजींच्या मुलीला पूर्ण तासभर बसता आलं.

रोज दुपारी रोस्विता अहवाल धाडत होती: आज दहा मिनिटं मागे, प्रकृती उत्तम. आजही दहा, प्रकृती उत्तम. सहाव्या दिवशी तिनं लिहिलं की तास पूर्ण झाला, कुणालाही त्रास नाही.

ते सहाही अहवाल साहेबांनी शिबिरवाल्यांना दाखवले. पुढच्या वर्षी ही पद्धत शिकवायला त्यांनाच बोलावलं आहे.